झोपेंत चाललेला खेळ

गेल्या मार्गशीर्षांत कांहीं घरगुती कामानिमित्त आमचें साताऱ्याहून सांगलीस जाणें झालें. आमच्या ज्येष्ठ बंधूंचें घर सांगलीच्या गांवभागांत, कृष्णेच्या जवळच आहे. बंधु श्रावणांत निवर्तले. परंतु घर अद्याप एकत्र आहे. वहिनी, दोघे पुतणे, दोघी सुना आणि नातवंडें मिळून नऊ माणसें एका चुलीवरचें जेवतात. आम्ही माजघरांत निजलों होतों. रात्रीं दीडच्या सुमारास शेजारच्या खोलींतून ओरडणें ऐकूं आलें: "उठवा त्यांना! अजून वेळ आहे! मी बसतों जवळ, मी बसतों!" थोरल्या पुतण्याचा तेरा वर्षांचा मुलगा झोपेंतच अंथरुणावर उठून बसला होता. वहिनींनीं त्याच्या पाठीवरून हात फिरविला, दोन घोट पाणी पाजलें, आणि तो पुन्हां आडवा झाला. सकाळीं विचारलें तर त्यास कांहींएक आठवत नव्हतें.

त्यास आठवत नव्हतें. इतरांस मात्र पुन्हां झोप आली नाहीं. चहाच्या वेळीं वादास तोंड लागलें. मुलगा रोज रात्रीं मोबाईलवर बंदुकांचा, चौघांच्या टोळीनें खेळावयाचा एक खेळ खेळतो. त्या खेळानें त्याचें डोकें बिघडविलें, तेव्हां मोबाईल सरळ कृष्णार्पण करावा, हें थोरल्या पुतण्याचें मत. मुलगा वर्गांत पहिल्या पांचांत आहे, वागणुकींत खोट नाहीं, मग खेळ तो खेळच, त्यांत भिण्यासारखें काय, हें धाकट्याचें. सूनबाईंची काळजी या दोहोंहून निराळी होती. त्या म्हणाल्या, "काका, दिवसा तो अगदीं शहाण्यासारखा असतो. पण रात्रीं त्याच्या आंत दुसरेंच कोणी जागें असतें असें वाटतें." वहिनी कांहींच बोलल्या नाहींत. "तुम्ही इतकें वाचतां, तुम्हीच सांगा," म्हणून सर्वांनीं आमच्याकडे पाहिलें. त्या वेळीं आम्हांस धड उत्तर देतां आलें नाहीं. साताऱ्यास परतल्यावर जें वाचलें आणि त्यावर जो विचार केला, तो या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहों. असले वाद आज पुष्कळ घरांतून चालले असतील.

प्रथम हें कबूल केलें पाहिजे कीं, खेळानें झोपेंत शिरणें कांहीं मोबाईलपासून सुरू झालेलें नाहीं. आमचें बालपण सांगलींत गेलें, आणि सांगली हें बुद्धिबळाचें गांव. कै. भाऊसाहेब पडसलगीकर व त्यांचें नूतन बुद्धिबळ मंडळ यांनीं या गांवच्या कित्येक मुलांस पटाचें वेड लाविलें. सुटीचे दिवस दिवसभर पटावर घालविले कीं रात्रीं डोळे मिटतांच चौसष्ट घरें समोर उभीं राहत आणि घोडा अडीच अडीच घरें उडूं लागे. तो आम्हीं उडविलेला नसे. तो आपला आपणच उडे, आणि थांब म्हटल्यानें थांबत नसे. आई म्हणे, डोकें तापलें आहे, आणि टाळूवर तेल थापी.

या अनुभवास शास्त्रीय परीक्षेची जोड पुढें अमेरिकेंत मिळाली. हार्वर्ड विद्यापीठांतील रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि त्यांचे सहकारी यांनीं २००० सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत एक प्रयोग प्रसिद्ध केला. टेट्रिस नांवाचा एक खेळ आहे. त्यांत पडद्याच्या वरच्या बाजूनें निरनिराळ्या आकारांचे ठोकळे खालीं येतात आणि ते फिरवून फट न राहील असे बसवावयाचे असतात. हा खेळ कांहीं माणसांकडून तीन दिवसांत मिळून सात तास खेळवून घेण्यांत आला आणि झोप लागतां लागतां काय दिसतें तें त्यांस विचारण्यांत आलें. निम्म्याहून अधिक लोकांस पडणारे ठोकळे दिसले. येथपर्यंत नवल नाहीं. परंतु या मंडळींत पांच रोगी असे होते कीं, मेंदूच्या आंतल्या भागास इजा झाल्यामुळें त्यांच्या ठिकाणीं नवी आठवण टिकतच नसे. काल आपण हा खेळ खेळलों हें त्यांस आज ठाऊक नसे. तो रोज नव्यानें समजावून द्यावा लागे. त्या पांचांपैकीं तिघांस झोपेच्या उंबरठ्यावर तेच ठोकळे दिसले! हे कसले आकार आहेत, कोठून आले, हें त्यांस सांगतां येईना. पण ते दिसले.

हा मजकूर वाचून आम्ही बराच वेळ पुस्तक मिटून बसलों. जें आठवत नाहीं तें गेलें, अशी आपली रोजची समजूत असते. मुलगा सकाळीं म्हणतो, मला कांहीं आठवत नाहीं. आणि आईबापांस वाटतें, चला, निभावलें. पण आठवण ही एक वस्तु आहे आणि ठसा ही दुसरी. आपल्या योगशास्त्रकारांनीं स्मृति आणि संस्कार हे दोन शब्द निरनिराळे योजिले ते उगीच नव्हेत. संस्कार बीजासारखा आंत पडून राहतो, स्मृति हा त्याचा कधींमधीं वर येणारा अंकुर. निजलेला पुरुष आपले रथ आणि रस्ते आपणच घडवितो, हें बृहदारण्यकांत सांगितलेलें आहे. परंतु त्या रथांचें लाकूड कोठून येतें, हा प्रश्न उरतोच. व्हिएन्नाच्या फ्रॉइडसाहेबांनीं आपल्या १९०० सालच्या स्वप्नविषयक ग्रंथांत त्याचें उत्तर दिलें: स्वप्नास लागणारा माल बहुधा आदल्या दिवसाच्या उरल्यासुरल्या गोष्टींतून घेतला जातो, आणि इच्छा मात्र जुनी व खोल असते. फ्रॉइडचीं पुष्कळ मतें आतां मागें पडलीं आहेत. हें एवढें मात्र टिकून आहे असें आम्हांस वाटतें. १९९४ सालीं अ‍ॅरिझोना विद्यापीठांत विल्सन व मॅकनॉटन यांनीं उंदरांच्या मेंदूंतील पेशींच्या हालचाली टिपल्या, त्यांतही हेंच आढळलें. जागेपणीं उंदीर ज्या जागांवरून गेला होता, त्या जागांच्या पेशी झोपेंतही जोडीजोडीनें पुन्हां जाग्या होत होत्या. दिवसाचा धडा रात्रीं गिरविला जातो, मग तो पाठांतराचा असो कीं बंदुकीचा.

आतां कोणी म्हणेल, नाटक-सिनेमाही मनावर ठसतात, मग या खेळांसच वेगळें कां काढावें? प्रश्न योग्य आहे, आणि सांगलीकरांनीं तर तो विचारावाच. १८४३ सालीं श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानें विष्णुदास भाव्यांनीं 'सीतास्वयंवर' उभें केलें तें याच गांवीं. त्या काळच्या नाटकांतील राक्षस आरोळ्या ठोकीत आणि तलवारी परजीत येत, आणि त्या आरोळ्यांवरूनच त्या नाटकांस 'अललडुर्र' हें नांव पडलें. तो राक्षस पाहून घरीं आलेलें एखादें मूल रात्रीं दचकून उठलें नसेल असें थोडेंच आहे! परंतु तेथें मूल आजीच्या मांडीवर बसून राक्षस पाहत असे. तें स्वतः राक्षस होत नसे आणि राक्षसास मारीतही नसे. या नव्या खेळांत पाहणारा आणि करणारा एकच. दृश्य त्याच्याच डोळ्यांतून दिसतें, पाऊल वाजतें तें त्याच्याच कानांत, आणि अंगठा हलला कीं समोर माणूस पडतो. हेंच एका रात्रींत शेंकडों वेळां. अंगठ्यास जें वळण लागतें तें विचारावांचून लागतें; सायकल किंवा तबला हातांत बसतो तसेंच.

शिवाय खेळतांना जें सोंग घेतलें जातें तें खेळणाऱ्याच्या नकळत त्याच्या अंगांत भिनतें, असाही पुरावा आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठांत निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांस डोक्यावर चढवावयाच्या यंत्रांतून आभासी खोलींत नेलें. कोणास उंच देह दिला, कोणास ठेंगू. मग दोघांनीं पैशाची वांटणी ठरवावयाची. उंच देह मिळालेल्यांनीं स्वतःकडे अधिक ओढलें, आणि ठेंगू देह मिळालेल्यांनीं अन्यायाची वांटणीही मुकाट्यानें पत्करली. कॅनडांतील फ्रेडरिक आर्डेमा यांनीं २०१० सालीं असें दाखविलें कीं, तसल्या यंत्रांतून बाहेर आल्यावर माणसास खरें जग क्षणभर कमी खरें वाटतें. आमच्या एका स्नेह्यांच्या मुलानें पुण्याहून असें यंत्र आणलें होतें. तें डोळ्यांवर चढवून आम्ही दहा मिनिटें एका कड्यावर उभे राहिलों आणि त्या रात्रीं दोन वेळां पाय घसरल्यासारखें होऊन जागे झालों. साठी उलटलेल्या माणसाची ही गत. मग तेराव्या वर्षींच्या मुलाचें काय बोलावें?

एवढें वाचून थोरला पुतण्या म्हणेल, पाहा, मी म्हणत होतों तेंच! परंतु तसें नव्हे. असले खेळ खेळल्यानें मुलें खऱ्या जगांत रक्तपात करतात, याला पुरेसा आधार नाहीं, असें अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञांच्या मोठ्या संघटनेनें २०२० सालीं ठरावानेंच सांगितलें आहे. आरडाओरड आणि खेकसणें यांच्याशीं कांहीं थोडा संबंध दिसतो, इतकेंच. खेळाच्या व्यसनास रोग म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनें आपल्या यादींत घेतलें, आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण तेथेंही ताबा सुटणें, इतर सर्व गोष्टींपेक्षां खेळ वरचढ होणें, नुकसान दिसत असूनही तो न सुटणें, आणि हें साधारणपणें वर्षभर चालणें, अशी लक्षणें सांगितलीं आहेत. झोपेंत ओरडणें त्यांत नाहीं. बंदीची गोष्टही अशीच. आपल्या सरकारनें २ सप्टेंबर २०२० रोजीं पब्जी बंद केली, आणि पुढच्याच जुलैंत तोच खेळ दुसऱ्या नांवानें परत आला! मुलांनीं मधले दहा महिने काय केलें म्हणाल, तर दुसरे खेळ खेळले.

याच्याही पुढची मौज अशी कीं, जो टेट्रिस झोपेंत शिरतो तोच औषध म्हणूनही उपयोगीं पडला आहे. एमिली होम्स यांच्या मंडळीनें ऑक्सफर्डच्या रुग्णालयांत मोटारीच्या अपघातांतून आलेल्या ७१ रोग्यांवर एक प्रयोग केला. तो २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. अपघातानंतर सहा तासांच्या आंत कांहींजणांस अपघाताची आठवण करून देऊन मग थोडा वेळ टेट्रिस खेळावयास दिला. पुढच्या आठवड्यांत अपघाताचें दृश्य डोळ्यांसमोर अवचित उभें राहण्याचें प्रमाण या लोकांत बरेंच कमी आढळलें; दुसऱ्या गटाच्या मानानें ते सुमारें ६२ टक्क्यांनीं कमी होतें. मनाच्या पटावर एकाच वेळीं दोन चित्रें नीट बसत नाहींत. ठोकळ्यांनीं जागा अडविली म्हणून अपघाताचें चित्र पक्कें होऊं शकलें नाहीं, असा त्याचा अर्थ लावितात. कॅनडाच्या जेन गॅकेनबाख यांनीं खेळाडूंच्या स्वप्नांचा पुष्कळ अभ्यास केला आहे. त्यांस असें आढळलें कीं, भयंकर स्वप्नांत असे तरुण पळून न जातां उलट तोंड देतात. तरुणींत मात्र हा गुण तितकासा दिसला नाहीं. म्हणजे अंतर्मनांत जें जातें तें केवळ विष असतें असें नाहीं. तें एक सामान असतें. त्याचें काय बनवावयाचें तें आंतला कारागीर ठरवितो, आणि त्याच्याजवळ आधींपासून कोणतें काम पडलेलें आहे त्यावर तें अवलंबून असतें.

उपायाच्या बाबतींत सांगली जिल्ह्यांतीलच एका गांवानें जें केलें तें पुढें देशभर गाजलें. कडेगांव तालुक्यांत मोहित्यांचें वडगांव म्हणून सुमारें तीन हजार वस्तीचें गांव आहे. करोनाच्या काळांत शाळा मोबाईलवर आली, आणि शाळा परत वर्गांत गेली तरी मोबाईल मुलांच्या हातांतच राहिला. सरपंच विजय मोहिते यांनीं पुढाकार घेतला, गांवच्या स्त्रियांच्या सभेनें तो उचलून धरला, आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून तेथें रोज सायंकाळीं सात वाजतां देवळावरचा भोंगा वाजूं लागला. भोंगा झाला कीं घरोघर मोबाईल आणि टीव्ही बंद. साडेआठपर्यंत मुलांनीं अभ्यास करावा, मोठ्यांनीं वाचावें, बोलावें. आशा सेविका, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरून लक्ष ठेवीत. लोक आरंभीं हंसले, मग वळले. आमच्या पिढीस यांत एक ओळखीची खूण दिसते: ही वेळ म्हणजे आपल्या परवच्याची वेळ. दिवा लागला कीं शुभंकरोति, पाढे, रामरक्षा. त्या वेळीं भोंगा लागत नसे, आजोबांची हाक पुरे होई.

परंतु आमच्या आजच्या विषयाच्या दृष्टीनें या भोंग्यांत एक उणीव आहे, आणि ती आम्ही आदरपूर्वक दाखवितों. सात ते साडेआठ ही वेळ अभ्यासाची आहे. अंतर्मनाचें दार उघडतें तें दहाच्या पुढें, दुलईच्या आंत. तेथें शेवटचें जें जाईल तें रात्रभर घोळत राहणार. आमच्या हातांत असतें तर आम्ही दुसरा भोंगा साडेनवाला ठेविला असता, आणि तो मुलांइतकाच बापांसाठींही. (आम्ही स्वतः रात्रीं अंथरुणावर मोबाईलवर पत्ते लावीत असूं. हा लेख लिहावयास घेतल्यापासून तें सोडलें आहे. आमच्या घरच्या मंडळींचा त्यावर अजून विश्वास बसलेला नाहीं.)

इतकें लिहून झाल्यावर संक्रांतीस आम्ही पुन्हां सांगलीस गेलों, आणि या वेळीं उपदेश न करतां त्या मुलाजवळच बसलों. खेळ कसा असतो तें समजावून दे, म्हणालों. त्यानें मोठ्या उत्साहानें समजाविलें. टोळींतला गडी गोळी लागून पडला तर तो लगेच मरत नाहीं. त्याची शक्ति हळूहळू ओसरत जाते. तेवढ्यांत दुसऱ्यानें धांवत जाऊन त्याच्याजवळ दहा सेकंद बसून राहिलें, तर तो पुन्हां उभा राहतो. "आणि कोणी गेलेंच नाहीं तर?" "तर जातो," तो म्हणाला.

आम्हीं विचारलें, "रात्रीं तूं कोणाला उठवीत असतोस?"

तो बराच वेळ बोलला नाहीं. मग खालीं पाहून म्हणाला, "धाकटे आजोबा, आजोबा जिन्याशीं पडले ना, तेव्हां मी वर खेळत होतों. आवाज आला मला. वाटलें, कांहीं भांडें पडलें असेल. खेळ मध्येंच सोडतां येत नव्हता."

आमच्या बंधूंचें निधन हृदयविकाराच्या तीव्र झटक्यानें झालें. ते पडले तेव्हांच सारें संपलें होतें, जवळ कोणी असतें तरी कांहीं करतां आलें नसतें, असें डॉक्टरांनीं त्याच दिवशीं पुतण्यांस सांगितलें होतें. तें आम्हां सर्वांस ठाऊक होतें. या मुलास तेवढें कोणीं सांगितलें नव्हतें, कारण तो लहान! दहावा झाला, तेरावा झाला. तो रडला नाहीं म्हणून सर्वांनीं त्याचें कौतुकच केलें. पांच महिने तो दिवसा शाळेंत जात होता आणि रात्रीं आजोबांजवळ दहा सेकंद बसावयास धांवत होता. त्या खेळानें त्याला धांवावयास शिकविलें, एवढाच काय तो खेळाचा यांतला भाग. आणि त्याच खेळांत तो गुंतला होता म्हणून तो जिना उतरला नाहीं, हीही गोष्ट खरीच. तीही आम्ही झांकून ठेवीत नाहीं.

डॉक्टर जें म्हणाले तें आम्हीं त्यास अक्षरशः सांगितलें. त्यानें दोनदां विचारून घेतलें: "नक्की?" मग तो वहिनींच्या खोलींत गेला आणि तेथें दार लोटून बराच वेळ होता. थोरला पुतण्या ओसरीवर उभा होता. त्याच्या कानावर सारें गेलें होतें. कृष्णार्पणाची गोष्ट त्यानें पुन्हां काढली नाहीं.

सध्यां त्या घरचे सर्व मोबाईल साडेनवाला देवघराच्या फडताळांत जातात, दोघां पुतण्यांचेही. मुलाचें अंथरूण वहिनींच्या शेजारीं आणलें आहे. खेळ बंद केलेला नाहीं. सुटीच्या दिवशीं सकाळीं तो खेळतो. गेल्या पंधरवड्यांत तो एकदां झोपेंत उठला, असें वहिनींनीं फोनवर सांगितलें. या वेळीं ओरडला नाहीं, नुसता बसून राहिला आणि आपणच आडवा झाला.

हा लेख छापावयास पाठविण्यापूर्वीं आम्हीं त्यास वाचून दाखविला. आपलें नांव त्यांत नाहीं याची त्यानें खात्री करून घेतली, छापण्यास हरकत नाहीं म्हणाला, आणि एक चूक मात्र दाखविली. गोळी लागून पडलेला गडी नुसता पडून राहतो असें आम्हीं मूळ मसुद्यांत लिहिलें होतें. तसें नव्हे, तो गुडघ्यांवर रांगत सोबत्यांकडे येऊं शकतो. त्याप्रमाणें तें वाक्य आम्हीं काढून टाकलें आहे.